पेटीतले राजे

गोष्टीतल्या राजाला शेवटी मारायचं की नाही, या काळजीनं काल मला झोप लागली नाही.

झालं असं की संध्याकाळी टीव्हीवर बातम्या चालू राहिल्या. कुठल्यातरी देशातलं एक घर. छप्पर नाही, बाकीच्या भिंती पडलेल्या, आणि उरलेल्या एका भिंतीवर खडूनं काढलेलं पिवळं मांजर. शाल्मली सहा वर्षांची आहे. तिनं विचारलं, "हे मांजर कोणी काढलं? ती मुलगी कुठे गेली?" मी म्हटलं, "मामाकडे गेली असेल." मुलांशी कठीण विषयांवर कसं बोलावं, यावरची दोन पुस्तकं माझ्या उशाशी असतात. मामाचा उल्लेख दोन्हींत नाही. मग तिनं लढाईवाल्या राजाची गोष्ट मागितली, आणि मी ती उद्यावर ढकलली.

आज ती अंथरुणात शिरली आणि म्हणाली, "लढाईवाल्या राजाची गोष्ट सांग." माझी आजी अशा वेळी डोळे मिटून सुरू व्हायची आणि मधूनमधून 'बरं का' म्हणायची. माझ्या तोंडी 'बरं का' आलं की बँकेतून फोन आल्यासारखं वाटतं. तरी सांगितली. ती अशी.

एक होता राजा. त्याला नाव होतं, पण पुढे ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही, म्हणून आपणही त्याला राजाच म्हणू. त्याच्या राज्यात एक नियम होता. राजा बोलायला लागला की सगळ्यांनी माना खाली घालायच्या. ऐकायचं आणि सांगेल तसं करायचं. वर बघायचं नाही. त्यामुळे राजाचा आवाज सगळ्यांना पाठ, पण तोंड कोणालाच माहीत नाही. हे लक्षात ठेव, बरं का.

त्या राज्यात तळ्याकाठी आवडा आणि सोमा राहायचे. दोघं नवरा-बायको. ते गंजिफा करायचे. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, हातात मावतील एवढे. सोमा कापडाला चिंचोक्याची खळ लावायचा, वाळवायचा, त्याची गोल पानं कापायचा. मग आवडा त्यांवर चित्रं काढायची. दर गटाला एक राजा, एक प्रधान, आणि मग साधी पानं. एक मासा, दोन मासे, तीन मासे. एक कासव, दोन कासवं. शेवटी सोमा वरून लाख चढवायचा. एकदा लाख चढली की पान चकचकीत आणि पक्कं. मग चूक पुसता येत नाही.

म्हणून त्यांची एक रीत होती. लाख चढवण्याआधी सोमा प्रत्येक पान खिडकीशी धरायचा आणि दोघं मिळून बघायचे.

"या माशाचा कल्ला कुठाय?"

"झोपलाय तो."

"झोपला म्हणून कल्ला काढून ठेवतो होय गं? काढ, काढ."

मग ती कुरकुरत काढायची.

आणि त्यांच्या गंजिफाची एक गंमत होती. पेटीचं झाकण लावलं की आतून आवाज यायचे. मासे फडफडायचे. कासवं हळूच सरकायची. लोक पेटी उशाशी घेऊन झोपायचे, तळ्याकाठी झोपल्यासारखं वाटायचं.

मग लढाई लागली. कशावरून लागली ते राजाला माहीत होतं, आणि विचारायची पद्धत नव्हती. शिपाई आले आणि घराघरातून माणसं घेऊन गेले. सोमालाही नेलं. त्याच्या हाताला खळ तशीच चिकटलेली होती.

गावात एक गवई होता. तो राजाची गाणी म्हणायला लागला, म्हणून त्याला कोणी नेलं नाही. पण त्याचा गळा बसला तो बसलाच. एक मूर्ती घडवणारा होता. तो नदीपलीकडे पळून गेला आणि तिकडे विटा पाडायला लागला. आवडा कुठेच गेली नाही. सोमा परत आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

मग एक दिवस राजाचा प्रधान आला.

"महाराजांचा हुकूम आहे. गंजिफात राजाची जेवढी पानं आहेत, त्या सगळ्यांवर महाराजांचंच तोंड हवं. तुला वर बघायची परवानगी आहे. चित्रापुरती."

"आणि माझा माणूस?"

"पेटी पोचली की सोडतील."

मग आवडानं वर बघितलं. राजा साधाच होता. मिशा होत्या, आणि नाक जरा सर्दी झाल्यासारखं. तिनं तसं काढलं. लाख स्वतःच चढवली. पेटी पोचली. सोमा काही आला नाही.

मग प्रधान दुसऱ्यांदा आला. "लढाईच्या दिवसांत मासे कसले काढतेस? साध्या पानांवर शिपाई काढ." आवडानं शिपाई काढले. आता पेटीतून फक्त पावलांचा आवाज यायला लागला. ती पेटी कोणी उशाशी घेतली नाही. सोमाचं विचारलं तर प्रधान म्हणाला, "लढाई संपली की."

मग तिसऱ्यांदा आला, तेव्हा प्रधानाचंच तोंड उतरलेलं.

"महाराज म्हणतात, माझ्याहून लहान पानं हवीतच कशाला? सगळ्या पानांवर महाराज."

"प्रधानाच्या पानावर पण?"

"प्रधानाच्या पानावर पण." तो तळ्याकडे वळला. "आणि झालं नाही, तर सोमाला सगळ्यात पुढच्या रांगेत उभं करणार आहेत."

मग आवडा बसली. तेच नाक, त्याच मिशा. पुन्हा तेच नाक, पुन्हा त्याच मिशा. हात चालला होता आणि डोकं कधीच झोपलं होतं. मग तिला आली जांभई. जांभई आली तरी हात थांबला नाही. पान झालं, लाख चढवली, वाळली. आणि मग सवयीनं तिनं ते खिडकीशी धरलं.

बघते तर राजाचं तोंड हे एवढं उघडं! डोळे अर्धे मिटलेले. तिची जांभई राजाच्या तोंडावर उतरली होती.

सोमा असता तर त्यानं लाख चढवण्याआधीच पकडलं असतं. आता पुसता येईना. दुसरं पान करावं तर कापड संपलेलं, आणि शिपाई ओट्यावर बसून हाका मारतायत, "झालं का गं बाई?" मग तिनं ते पान गठ्ठ्याच्या मधोमध सरकवलं, लाख चिकटू नये म्हणून झाकण उघडंच ठेवलं आणि पेटी देऊन टाकली. निभेल असं तिला वाटलं नाही. पण दुसरं करणार काय?

राजा पेटी घेऊन थेट लढाईवर गेला. समोर शत्रूचं सैन्य. पुढच्या रांगेत आपला सोमा. राजा तंबूत बसला आणि प्रधानाला म्हणाला, "चल, एक डाव खेळू." राजानं राजा टाकला. प्रधानानंही राजाच टाकला. दुसरं होतं काय त्याच्याकडे?

"कोण जिंकलं?"

"महाराज."

"आणि हरलं कोण?"

प्रधानानं दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. राजा चिडला. सगळी पानं पेटीत कोंबली आणि धाडकन झाकण लावलं.

झाकण लागलं, आणि आतून सुरू झालं.

"मी राजा!"

"गप रे, मी राजा!"

"पुढे चला!" एक ओरडला. बाहेर शिपाई माना खाली घालून उभे. राजाचाच आवाज. चालले पुढे. "मागे फिरा!" दुसरा ओरडला. फिरले मागे. "उजवीकडे!" "बसा!" "उठा, कोणी सांगितलं बसायला?" खरा राजा तंबूतून धावत आला आणि ओरडायला लागला, "अरे, मी इकडे आहे!" पण वर बघणार कोण? त्याचा आवाज त्या गलक्यातलाच एक होऊन गेला.

मग ओरडून ओरडून पेटीतले राजे दमले. खरा राजाही दमून खाली बसला. आणि गठ्ठ्याच्या मधोमध जो आतापर्यंत एक अक्षर बोलला नव्हता, त्यानं मोठ्ठी जांभई दिली.

"आऽऽह. पुरे झालं. जा आता घरी. झोपा."

जांभई एकाला आली की दुसऱ्याला येतेच. शेजारच्या राजाला आली. मग त्याच्या शेजारच्याला. मग खऱ्या राजालाही आली, आणि जांभई देताना काही ओरडता येत नाही. शेवटचा हुकूम तेवढा उरला. मग शिपायांनी भाले खाली ठेवले आणि चालायला लागले. समोरचं सैन्य जरा वेळ बघत राहिलं, मग तेही गेलं. प्रधानही गेला.

राजाला कोणी मारलं नाही. तो अजून तिथेच बसलाय, बरं का. एकेक पान काढतो आणि बघतो, यातला मी कोणता?

मग सोमा घरी आला. दाराला कुलूप नव्हतं. पहिले काही दिवस तो नुसता झोपला. मग आवडानं त्याला सगळं सांगितलं.

"खिडकीशी धरलं नव्हतंस का आधी?"

"तू नव्हतास."

"मी असतो तर जांभई पुसायला लावली असती."

"म्हणून तर," आवडा म्हणाली.

मग तिनं एक मासा काढला आणि सोमानं तो खिडकीशी धरला. तर अशी सगळी माणसं घरी आली...

शाल्मली माझ्याकडे बघत होती. "जवळजवळ सगळी," मी म्हटलं. आणि पेट्यांत पुन्हा मासे फडफडायला लागले, लोकांनी त्या उशाशी घेतल्या, आवडा-सोमा सुखानं राहिले, आणि आता तूही डोळे मीट.

तिनं मिटले. मीही मिटले. मला वाटलं, जमलं.

"आई," ती म्हणाली, "त्या मांजरवाल्या घराकडच्या राजाला जांभई कधी येणार?"