मामाचं मीठ

पाहुणे, ती पुडी खिशात कोंबू नका, नीट हातात धरा. मीठच आहे, चिमूटभर हळद घातलेलं. लाडू-चिवडा कुठल्याही लग्नात मिळेल तुम्हाला. आमच्या खारवाडीतून वऱ्हाडी हेच घेऊन निघतात आणि जाताना या बांधावर मूठभर चिखल टाकतात. हसताय काय? आधी ऐका तर.

बांध आहे म्हणून खाडी तिकडे आणि आमची मिठागरं, घरं इकडे. फार पूर्वी इथल्या उघाडीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या या दारावर, पोशा नावाचा राखणदार होता, असं सांगतात. आईबापाविना उरलेली भाची वेणू त्यानंच वाढवली. तिच्या लग्नाचा मुहूर्त निघाला नेमका पुनवेच्या दुपारचा, भर उधाणाचा. पोशा म्हणाला, "मी उघाडीवरच थांबतो." वेणू हटून बसली. "मामा, बोहल्यावर तूच आणायचंस. नाहीतर मी उभीच राहणार नाही." मामाच तो, विरघळला.

हळदीनं माखलेल्या हातांनी त्यानं तिला बोहल्यावर आणलं. मंगलाष्टकं चालू होती आणि पाण्याचा आवाज आला. उघाडीची फळी फुटली होती. पोशा धावला म्हणे, आणि फुटल्या दाराला पाठ लावून उभा राहिला. ओरडला, "माती टाका! माझ्याकडे बघू नका!" सारं वऱ्हाड नव्या कपड्यांनिशी चिखलात उतरलं, पण पहिली मूठ टाकायला कुणाचा हात होईना. ती वेणूनं टाकली, मामाच्या पायांवर, हंबरडा फोडून. अहो, कशी टाकली असेल पोरीनं!

बांध धरला. गाव वाचलं. मामा आतच राहिला.

पुढच्या हंगामात इथल्या वाफ्यात मीठ पिकलं, ते पिवळंधमक, हळदीच्या रंगाचं. ज्यांनी माती टाकली, त्यांच्या घरोघरी वेणूनं ते स्वतः नेऊन दिलं, असं सांगतात.

आजही उघाडीचा राखणदार लग्नाला जात नाही. नवरीच अंगावरच्या ओल्या हळदीनिशी पहिली पुडी घेऊन इथं येते, त्याच्या पाया पडते, त्याला मामा म्हणते. मगच तिकडे अंतरपाट धरतात. टाका तुमची मूठ, इथं, माझ्या पायाशी. मी या गावातलं एकही लग्न पाहिलेलं नाही. पण इथून सासरी गेलेली प्रत्येक लेक माझी भाची आहे.