चिंचेला इचारलं व्हतं

लई लई मागं, तुमच्या आज्याच्या आज्यालासुदिक दात फुटायचे व्हते, तवाची गोष्ट. एका गावात म्हातारी चिंच व्हती. तिच्या ढोलीत दयाळ पक्षी राहायचा, आत त्याची चार अंडी. वरच्या फांदीला एक वाघळी लोंबायची, पोटाशी पिल्लू चिकटल्यालं.

दोघांचं रोज भांडान. दयाळ म्हनायचा, तोंड खाली, बूड वर, आवाज डासाचा. तुला देवानं घाईघाईत उरकली. वाघळी म्हनायची, तू एवढा गातोस, पर कुनाला काय कळतं त्यातलं?

हसा, हसा. पुढचं ऐका.

गावच्या पाटलाला बूड टेकायला झोपाळा पायजे व्हता. गावाची एक रीत व्हती. झाड तोडायच्या आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं तीनदा ठोकायचं आन इचारायचं. वरून कुनी नको म्हनलं, की माघारी फिरायचं.

सकाळी पाटील सुताराला घिऊन आला. सुतारानं तीनदा ठोकलं. "वर कोन हाय का? तोडू का?"

वाघळी जीव तोडून वराडली, नको. पर आवाज एवढा बारीक, की मानसाच्या कानात शिरलाच न्हाई. मग तिनं पंख जोडले. सुतार म्हनाला, "पाटील, ही तर रामराम करून निघाली."

वाघळी दयाळाकडं वळली. "दादा, आता तूच सांग. तुझा आवाज पोचतोय."

त्या दिशी त्यानं टिंगल केली न्हाई. शेंड्यावर बसला, शेपूट ताठ केली, आन छाती फुटंस्तवर वराडला. नको, नको, माझी अंडी हायती, हिचं लेकरू हाय.

पाटलानं डोळं मिटून ऐकलं. मान डोलावली.

"काय गोड गातंय. झाड राजी हाय. घाल घाव."

चिंच पडली. अंडी फुटली. वाघळी भर उन्हात पिल्लू घिऊन उडाली, तिला कावळ्यांनी वढ्यापातुर बी जाऊ दिली न्हाई.

झोपाळा मातूर झाक झाला. पाटील त्यावर पान चघळत बसायचा, आन दयाळ रोज समोरच्या कौलावर येऊन टाहो फोडायचा. पाटील पावन्याला सांगायचा, "आमी इचारूनच तोडलं बरं का. बघा की, अजून खुशीत गातंय."

पावना बी मान डोलवायचा.

म्हनून ध्यानात ठेवा: कुऱ्हाडीला धार लावून इचारनाऱ्याला 'नको'सुदिक 'हो'च ऐकू येतं.