तानी खारीचं विरजण

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या उंबराखाली तानी खारीचं दह्याचं दुकान होतं. तिचं विरजण आईपासून चालत आलेलं. ते उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही, अशी घरची रीत होती.

एके दिवशी कावळा सांगत आला, "पलीकडच्या काठावर खोकल्याची साथ आलीय. दुकानं बंद पडलीत."

तानीने विरजणाच्या मडक्याकडे पाहिलं. आपणच आजारी पडलो तर विरजण कोण लावणार? आईचं दही कायमचं संपेल! त्याच दुपारी तिने वाटीभर विरजण शेजारच्या भिकू कासवाला दिलं आणि दूध किती कोमट हवं तेही शिकवलं. "आणि काका, साथ आली तर गिऱ्हाईकाला आत घेऊ नका," असंही बजावलं.

कावळा हसला. "अगं, तो वाटी उचलेपर्यंत दही आंबेल! आणि जमलंच, तर उद्या तुझ्याचसमोर दुकान मांडेल."

आठवड्यात साथ आलीच. तानी तापाने फणफणून ढोलीत पडली. तिच्या मडक्यातल्या विरजणाला बुरशी आली.

पंधराव्या दिवशी ती कशीबशी खाली उतरली. दुकान चालू होतं! दारात दोरी बांधलेली, बाहेरच्या दगडावर दह्याचे द्रोण, आणि एकेक गिऱ्हाईक येऊन आपला द्रोण उचलत होतं.

"आधी चाखून बघ, पोरी," भिकूकाका म्हणाला. "मला रोज चव बिघडायचीच धास्ती होती."

तानीने दही चाखलं. आईच्याच हातची चव! तिचे डोळे भरून आले.

रांगेत सगळ्यात शेवटी कावळा मान खाली घालून उभा होता.

"काका," तानी हसून म्हणाली, "एक वाटी विरजण त्याच्याकडेही ठेवू या."