ठकूची घंटा

एका नगरात एक राजा होता आणि त्याच्या नगरात एक विद्यापीठ होतं. राजा जुन्या काळातला, मुकुट-बिकुट घालणारा. विद्यापीठ मात्र अगदी नव्या काळातलं. तिथे रोबो बनवत. गोष्टीत असं चालतं, तेव्हा कुणी भुवया उंचावू नयेत.

या विद्यापीठात रोबो बनवणारे दोन प्राध्यापक होते. एकाचं नाव चक्रपाणी. त्याने साठ शोधनिबंध लिहिले होते. त्यांतले चाळीस तरी एकाच रोबोवर होते आणि ते एकमेकांचे इतके जवळचे नातेवाईक होते, की कुठला कुठला हे सांगणं चक्रपाणीलाही जड जाई. त्याच्या रोबोचं नाव वायुवेग. राजवाड्याच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरी चौकात दर महिन्याला वायुवेगाचं प्रात्यक्षिक होई. तो कुणी न हाकता सुसाट फिरे, कधी अडत नसे आणि दरबारी मंडळी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत.

दुसरी प्राध्यापक कालिंदी. तिचे शोधनिबंध अवघे सात, आणि त्यांतले तीन ‘आमचा रोबो का पडला’ या विषयावरचे. असले निबंध वाचून टाळ्या कोण वाजवणार? तिच्या रोबोचं नाव ठकू. ठकूला चार चाकं, दोन कॅमेरे आणि वर एक देवघरात असते तेवढी घंटा. समोरचं काही ओळखू आलं नाही, की ठकू जागच्या जागी थांबे, घंटा वाजवी आणि म्हणे, “पुढचं मला कळत नाही. कुणी सांगेल का?”

दहा वर्षं कालिंदी ठकूला घेऊन आठवडी बाजारात हिंडली. भाजीवाल्या, हमाल, शाळेतून सुटलेली पोरं, सगळे ठकूला शिकवत. हा बैल, हा नुसता दगड, ही झोपलेली कुत्री, तिच्या वाटेला जाऊ नकोस बाई. विद्यापीठात मात्र ठकूला गोगलगाय म्हणत. कालिंदी सगळ्यांबरोबर हसे, पण घरी गेल्यावर तिला ते लागायचंच.

एके वर्षी विभागप्रमुख निवृत्त झाले. राजाने जाहीर केलं, “ज्याचा रोबो परीक्षेला उतरेल तो नवा विभागप्रमुख. प्रयोगशाळा एकच आहे, ती त्याची. दुसऱ्याने आपला रोबो भंगारात द्यावा आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना स्क्रूचे प्रकार शिकवावेत.”

परीक्षा सोपी वाटत होती. काढ्याने भरलेली काचेची बरणी राजवाड्यापासून कोष्टी आळीच्या टोकाच्या दवाखान्यात पोचवायची. नगरात म्हातारी माणसं पुष्कळ होती, त्यांना घरपोच औषध मिळावं ही राजाची इच्छा. नियम मात्र समितीने केले, आणि समितीचे अध्यक्ष होते कुलसचिव. ते म्हणाले, “रोबो म्हटला की त्याने थांबता कामा नये. दहा गुण. एकदा थांबला की एक गुण गेला. दहा वेळा थांबला की बाद.”

नियम ऐकून कालिंदीने मनातल्या मनात हिशेब केला. ठकू बाजाराच्या एका फेरीत पंधरा वेळा थांबायची.

प्रयोगशाळेत भास्करमामा म्हणून जुने मेकॅनिक होते. ठकूचं प्रत्येक चाक त्यांनी हाताने बसवलेलं. ते पक्कड घेऊन आले आणि हळूच म्हणाले, “बाई, घंटेची वायर तेवढी काढतो. घंटा नाही तर थांबणंही नाही. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. परीक्षा झाली की पुन्हा जोडू.”

कालिंदीने वायर हातात धरली. खोटं कशाला सांगा, तिला मोह झाला. दहा वर्षांची मेहनत भंगारात जाणार, या विचाराने तिचे डोळे भरून आले. पण मग तिने वायर सोडली.

“मामा, वायर काढली म्हणून ठकूला सगळं कळायला लागेल का हो?”

“छे! ते कसं लागेल?”

“मग राहू द्या. कळत नसताना ती औषध घेऊन धावत सुटेल, त्यापेक्षा हरलेली बरी.”

मामांनी पक्कड खिशात टाकली, पण दोन दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत.

परीक्षेचा दिवस उजाडला. वैशाखातलं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. आधी वायुवेग निघाला. राजवाड्याचा चौक त्याने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ओलांडला. मागोमाग वही सावरत कुलसचिव पळत होते आणि छाती फुगवून चक्रपाणी. वायुवेग कोष्टी आळीत शिरला.

आता असं कडक ऊन पडल्यावर आळीतल्या बायका काय करतात, हे कुठल्याही पोराला माहीत असतं. साऱ्या आळीत पांढरी धोतरं अंथरलेली होती आणि त्यांवर पापड, कुरडया, सांडगे वाळत होते. पण वायुवेगाने जन्मात पांढरं म्हणून एकच पाहिलं होतं, ते म्हणजे राजवाड्याचा संगमरवर. त्याला वाटलं, आलं आपलं घर! त्याने वेग दुप्पट केला.

कुर्रर्र करून पहिलं धोतर गेलं. मग दुसरं. तिसरं चाकात अडकून उडालं आणि कॅमेऱ्यांवर बसलं. आता तर वायुवेगाला सगळं जगच पांढरं दिसायला लागलं! तो आनंदाने आणखी सुसाट सुटला, गळ्यात कुरडयांच्या माळा घालून गाईच्या हौदात जाऊन पडला. बरणी फुटली, काढा पाण्यात गेला. गाईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

कुलसचिवांनी वहीत लिहिलं, ‘थांबणे: शून्य. गुण: दहा.’

मग ठकू निघाली. तिच्यामागे कुलसचिव चालत होते आणि कालिंदी, हातात स्वतःची वही. ठकू राजवाड्याच्या दारातच थांबली, कारण उंबरठ्यावर रांगोळी होती. मग पाणपोईशी थांबली. मग एका झोपलेल्या कुत्रीपाशी आली, तेव्हा मात्र न थांबता वळसा घालून गेली. कालिंदीला त्याही स्थितीत हसू आलं.

कोष्टी आळीच्या तोंडाशी येईपर्यंत ठकू सात वेळा थांबली होती. तिथे लाटणं उगारून गंगूआजी उभ्या होत्या. वायुवेगाने तुडवलेल्या पहिल्या धोतरावरचे पापड त्यांचेच.

“आली का दुसरी भवानी! ये, ये, तुझेही तुकडे करते!”

ठकू उरल्यासुरल्या पापडांच्या धोतराच्या कडेशी येऊन थांबली. टिण टिण घंटा वाजली. “पुढचं मला कळत नाही. कुणी सांगेल का?”

गंगूआजींचं लाटणं वरच्या वर राहिलं. “अगं बाई! ही विचारतेय की!” त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. “कळत नाही होय तुला? पापड आहेत हो हे, उडदाचे. थांब हं, मी जरा बाजूला घेते. हं, ये आता अशी भिंतीकडेने. सावकाश.”

पुढे आणखी तीन ठिकाणी धोतरं होती. ठकू तिन्ही ठिकाणी थांबली आणि तिन्ही ठिकाणी आळीतल्या बायकांनी वाट करून दिली. शेवटी तर अर्धी आळी ठकूबरोबर चालत दवाखान्यात पोचली. वैद्यबुवांनी बरणी उचलून पाहिली. काढ्याचा थेंबही सांडला नव्हता.

सगळे दरबारात जमले. कुलसचिवांनी निकाल वाचला. “वायुवेग, शून्य वेळा थांबला. ठकू, नऊ वेळा थांबली.”

भास्करमामांनी कालिंदीकडे आनंदाने पाहिलं. नऊ म्हणजे बाद नाही! गुण एक का असेना, बरणी तर ठकूनेच पोचवली होती. आता राजा काय तो निर्णय करणार.

कालिंदी उठून उभी राहिली. “महाराज, नऊ नव्हे, अकरा. शेवटच्या दोन वेळी कुलसचिव हौदाशी वायुवेगाला बाहेर ओढत होते. माझ्या वहीत सगळं लिहिलेलं आहे.”

भास्करमामांनी कपाळावर हात मारला. चक्रपाणीने चमकून तिच्याकडे पाहिलं. कुलसचिव गडबडीने म्हणाले, “मग नियमाप्रमाणे ठकू बाद, महाराज. वायुवेगाला दहापैकी दहा. चक्रपाणींचं अभिनंदन!”

राजाने विचारलं, “आणि माझा काढा?”

“तो, तो हौदात आहे महाराज.”

“बरं. हा थांबण्याचा नियम करताना तुम्ही वैद्यबुवांना विचारलंत?”

“नाही महाराज.”

“कोष्टी आळीत कुणाला विचारलंत?”

“त्यात काय विचारायचं, महाराज?”

राजा खदखदून हसला. “म्हणजे कुलसचिव, तुम्हीही वाटेत कुठे थांबला नाहीत तर! तुमचा नियमही त्या हौदातच गेला.” मग तो कालिंदीकडे वळला. “बाई, तुमच्या ठकूला ही अक्कल कुठून आली, असा मी विचार करत होतो. आज कळलं. विभाग तुमचा.”

दरबाराने टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या दाराशी उभ्या असलेल्या गंगूआजींनी, हातातलं लाटणं काखेत धरून. भास्करमामांनी डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणाले.

चक्रपाणी खाली मान घालून निघाला होता. कालिंदीने त्याला थांबवलं. “वायुवेग भंगारात द्यायचा नाही हं. त्याच्याइतका वेग ठकूला जन्मात येणार नाही.”

चक्रपाणी मागे वळला. मग आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, “मला कळत नाहीये. ठकूला थांबायला शिकवलंत तरी कसं? सांगाल का?”

“सांगते की! पण आधी कोष्टी आळीत जा. मोडलेले पापड पुन्हा लाटून द्यायचे आहेत.”

चक्रपाणीने आठ दिवस गंगूआजींच्या ओसरीवर बसून पापड लाटले. पहिले शंभर त्यांनी मोडून परत मळायला लावले. नवव्या दिवशी तो प्रयोगशाळेत आला तेव्हा त्याच्या हातात एक छोटी घंटा होती. त्या वर्षी दोघांनी मिळून एकच शोधनिबंध लिहिला. विषय होता ‘आमचा रोबो हौदात का पडला’. तो साऱ्या नगराने वाचला.

तात्पर्य: कळत नसताना धावणारा सगळ्यांच्या आधी हौदात पोचतो. ‘मला कळत नाही’ हे थांबून, खरं खरं सांगणाऱ्याला मात्र वाट दाखवायला सारी आळी पुढे येते.