आमटीची पळी

"पण बुवा, गंजलेल्या माणसावर खर्च करून मिळणार काय?"

हेरंबनं विचारलं आणि उत्तर आपल्याच खिशात असल्यासारखा हसला.

लहानपणी याच मठात राहून शिकलेला हा पोरगा आता अर्थशास्त्राचा डॉक्टर झाला होता. गावानं सर्दीखोकल्याचं औषध मागू नये म्हणून 'अर्थशास्त्राचा' हे तो आवर्जून सांगे. बेकारीवरचा त्याचा अहवाल उद्या सरकारी समितीपुढे जाणार होता. कसब हेच माणसाचं भांडवल, काम सुटलं की ते झिजतं. तेव्हा फार वर्षं घरी बसलेल्यांना प्रशिक्षणातून वगळावं, असा त्याचा सल्ला होता. इथल्या बंद सूतगिरणीचे कामगार त्यात सरसकट वगळले जात होते.

मठ चालवणाऱ्या दयाळबुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "गोदाक्का, आज ह्याला कुणी काही काम सांगू नका."

हेरंबला थट्टा वाटली. मठाचा नेम त्याला पाठ होता. कामाला हात लावल्याशिवाय इथं कुणी पंगतीला बसत नसे, मग तो जिल्ह्याचा साहेब का असेना.

तो विळीकडे गेला.

"राहू दे, तू बस," गोदाक्का म्हणाल्या.

त्यानं केरसुणी उचलली. कुणीतरी ती हळूच काढून घेतली. पत्रावळ्या मांडायला गेला, तर तिथंही नको म्हणाले. सगळे गोड बोलत होते, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होत होता.

दुपार झाली तसा तो खांबाला टेकून बसला. ज्या घरात वाढलो तिथंच आपण उपरे झालो, असं त्याला वाटू लागलं.

पंगत बसली. बहुतेक सगळे गिरणीचेच लोक होते. बुवांनी हेरंबला शेजारी बसवलं. समोर वाफाळता भात आला, पण त्याचा हात पानाकडे जाईना.

"जेव की."

"जेवण जात नाही, बुवा."

"का रे? सकाळची विद्या दुपारी कमी झाली?"

हेरंबनं मान खाली घातली. लाज वाटत होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं...

बुवांनी आमटीची बादली त्याच्यापुढे सरकवली आणि पळी हातात दिली.

तो ताडकन उठला. शाळकरी वयात तो अख्खी पंगत वाढायचा, थेंब सांडू न देता. आज पहिल्याच पानाशी पळी कलंडली आणि आमटी एका म्हाताऱ्या कामगाराच्या धोतरावर सांडली.

सगळे जेवायचे थांबले.

"सवय सुटली, बुवा," हेरंब पुटपुटला.

बुवांनी त्याच्या हातातल्या पळीकडे पाहिलं.

"मग... काढून घेऊ?"