सूर्याने न पाहिलेले बटाटे

एका राज्यात अंशुमान नावाचा राजा होता, आणि आपण सूर्याचे वंशज आहोत याचा त्याला भारी तोरा होता. सुगीच्या दरबारात धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला. म्हणाला, "राजा, मातीचे आभार मान."

"धान्य सूर्य पिकवतो. चिखलाला कशाला हात जोडू?"

"तर सूर्याने पाहिलेलं अन्न राख होवो. मातीचे आभार मनापासून मानशील, तेव्हाच शाप सरेल."

तत्क्षणी कोठारांतली ज्वारी राख झाली. राजाने भर दरबारात, तुताऱ्या फुंकून, तीनदा आभार मानले. राख राखच राहिली! लोक रानातली कंदमुळं उकरून दिवस काढू लागले आणि राजाची झोप उडाली.

मग एका रात्री साळुंक्यांचा एक थवा आला आणि त्याने अंगणात कोंब फुटलेल्या बटाट्यांचा ढीग टाकला. थव्याची राणी म्हणाली, "हे मातीत, अंधारात वाढतात. लाव. उजाडायच्या आत. पण तीनदा हात आवरावा लागेल."

वाफे हिरवेगार झाले, फुलं आली. राजा कुदळ घेऊन धावला.

"थांब," साळुंकी म्हणाली. "पाला पिवळा पडून वाळू दे. पाणी तोड. मग पंधरवडाभर मातीतच ठेव, साल घट्ट होऊ दे."

भुकेल्या प्रजेसमोर थांबणं म्हणजे काय ते राजालाच ठाऊक. पण तो थांबला.

कोरड्या दिवशी, ऊन लागू नये म्हणून वर कापडी छत ताणून बटाटे काढले. पुरोहित रिवाजाप्रमाणे चांदीचे कलश घेऊन आले, नव्या पिकाला स्नान घालायला.

"धुऊ नका, ओल राहिली की सडतील," साळुंकी म्हणाली. "सावलीत, वाऱ्यावर सुकवा. कुदळ लागलेले वेगळे काढा, ते आधी खा."

एक पाटी चुकून उन्हात राहिली. ती आधी हिरवी पडली, मग कडू झाली, मग राख.

उरलेले बटाटे थंड, हवेशीर तळघरात गेले. अंधारात चाचपून, वास घेऊन राजा स्वतः सडके वेचून काढी. प्रजेला रोजचा वाटा झाकून मिळे, तो मातीत पुरूनच भाजायचा. पण राजा अर्धं लपवतो, अशी कुजबुज उठली. एके दिवशी सारा गाव तळघराच्या दाराशी लोटला. पुढे होती मथाई नावाची म्हातारी.

"महाराज, कोठार भरलंय म्हणता, तर मशाल लावून दाखवा. तुमच्या शब्दावर माझ्या नातवंडांची पोटं भरत नाहीत."

राजाने मशाल उचलली. साळुंकी ओरडली, "मशाल सूर्याचीच लेक!"

इकडे मशाल लावावी तर सगळी राख, तिकडे न लावावी तर प्रजा दार फोडणार. राजाने मशाल खाली ठेवली आणि म्हातारीचा हात धरला. "आजी, पायरी जपून."

अंधारात त्याने तिचे हात ढिगावर ठेवले. तिने कोपरापर्यंत हात खुपसले. गार, मातीने माखलेले बटाटे, संपता संपेनात. ती रडू लागली. "आई गं, केवढं दिलंस!"

ती कुणाशी बोलते आहे, हे राजाला कळलं. त्याने ढिगावर कपाळ टेकलं आणि हळूच म्हणाला, "आई, तू आम्हाला जगवलंस. मी तुला ओळखलं नाही."

वर एकच गलका उठला. कोठारांतल्या राखेची पुन्हा ज्वारी झाली होती!

मथाईने डोळे पुसले. "शाप सरला, महाराज. आता लावू मशाल?"

"नको, आजी. बटाटे हिरवे पडतील."

आणि तिला हाताला धरून वर आणल्यावर राजाने तळघराचं दार हलकेच ओढून घेतलं.