हिमजटेचा शाप आणि कुत्र्यांची घरे

एका राज्यात झाड औषधालाही नव्हते. जिकडे पाहावे तिकडे बर्फ. घोडा तिथे चालेना, बैल टिकेना, म्हणून लोकांनी बिनचाकी घसरगाड्या केल्या होत्या आणि त्या ओढायला कुत्री ठेवली होती. धान्य तीच आणीत, वैद्याला तीच आणीत, नवरी सासरी जाई ती त्यांच्याच जिवावर. राज्य कुत्र्यांवर चाले आणि नाव राजाचे होई. राजा होता उदग्रसेन. स्वभावाने वाईट नव्हता. त्याला एकच खोड होती. जे करायचे ते भव्य करायचे, आणि जे भव्य नाही ते त्याला दिसतच नसे.

उत्तरेच्या डोंगरावर हिमजटा नावाची मायाविनी राहत असे. राजाने एकदा तिला मेजवानीला बोलावले, आणायला आपली उत्तम गाडी पाठवली. जेवणाआधी ती सहज बाहेर डोकावली, तर तिला घेऊन आलेली कुत्री उघड्या बर्फावर बांधलेली. साखळ्या इतक्या आखूड, की वाऱ्याकडे पाठ करायचीही सोय नाही. हिमजटा आत आली, पण पानावर बसली नाही.

"राजा, ही कुत्री राहतात कुठे?"

"बाहेर, देवी. कुत्रीच ती."

"मग ऐक. तुझ्या कुत्र्यांना जी थंडी, तीच तुझ्या मुलीला. त्यांतले एकही कुडकुडणार नाही, तेव्हा ती बरी होईल. थंडी काळजाशी पोहोचली, तर माझ्याकडेही उपाय नाही."

राजकन्या मंदारिका शेजारीच बसली होती. ती उठायला गेली, तो पाय उचलेना. घोट्यापर्यंत पाय बर्फाचे झाले होते. हिमजटा निघून गेली आणि खिडकीत एक पांढरा डोमकावळा ठेवून गेली. तो खोटे बोलत नसे आणि फार बोलतही नसे.

राजाला ती एकुलती एक लेक. त्याने आपल्या पदरी असलेल्या यक्षांना हाक मारली आणि यक्षांनी दिवस मावळायच्या आत कुत्र्यांसाठी संगमरवरी महाल उभा केला. छत उंच, खांबांवर वेलबुट्टी, मधोमध कारंजे. कारंजे कशाला, असे प्रधानाने विचारले नाही. त्याला नोकरी टिकवायची होती.

कुत्री महालात गेली आणि मंदारिकेची थंडी गुडघ्यांपर्यंत चढली.

राजाने डोमकावळ्याला विचारले, "काय उणे राहिले?"

"मी महालात निजत नाही. निजणाऱ्यांना विचार."

कुत्र्यांना विचारायचे, हे राजाच्या डोक्यात शिरले नाही. फरशी गार असेल म्हणून त्याने रेशमी गाद्या आणि पश्मिन्याच्या शाली धाडल्या. कुत्री कामावरून आली, तीही अंगावर बर्फ घेऊन. तो वितळला, शाली चिंब झाल्या आणि पहाटे त्या फळ्यांसारख्या कडक झाल्या. मंदारिका आता कमरेपर्यंत गोठली होती. तिने तक्रार केली नाही, एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही काही केलेत की मला जास्त लागते." राजाला हे फार झोंबले, कारण ते खरे होते.

शेवटी त्याने खजिन्याच्या पेट्या गाड्यांवर लादल्या, सगळीच्या सगळी कुत्री जुंपली आणि हिमजटेची विनवणी करायला तो निघाला. अर्ध्या वाटेत वादळ आले. पेट्या उलटल्या, रत्ने बर्फात गडप झाली. सेवकांनी राजासाठी तंबू ठोकला, तोही राजाच्या इतमामाला साजेसा. उंच तंबूत राजा एकटा बसला आणि दात वाजवू लागला. शेगडी जळत होती, पण तिची ऊब वर कळसाशी जाऊन बसली होती. खाली राजाच्या वाट्याला काही येईना.

तंबूच्या फटीतून त्याला म्होरकी कुत्री दिसली. तिचे नाव काजळी. तिने पंजांनी बर्फ उकरला, आपल्या अंगापुरता खड्डा केला, वाऱ्याकडे पाठ केली, शेपटीत नाक खुपसले आणि डोळे मिटले. बाकीच्यांनीही तेच केले. वादळ त्यांच्या अंगावरून चालले होते आणि ती स्वस्थ झोपली होती.

राजाने मुकुट काढला. तो रांगत काजळीजवळ गेला आणि तिच्या खड्ड्यालगत आपल्यापुरता खड्डा उकरू लागला. काजळीने एक डोळा उघडून पाहिले आणि थोडी सरकली. राजा तिच्या पाठीशी पाठ लावून पडला. थोड्या वेळाने त्याला ऊब आली. स्वतःच्याच अंगाची ऊब इतकी असते, हे त्याला त्या वयात पहिल्यांदा कळले. तो पुढे गेलाच नाही. वादळ ओसरताच त्याने गाड्या माघारी वळवल्या.

घरी आल्यावर त्याने लाकूड मागवले. राज्यात हाताशी लाकूड होते ते राजवाड्याच्या छताचे आणि सात पिढ्यांच्या देवदारी सिंहासनाचे. दोन्ही फोडले. प्रधान दरबारात उभा राहून रडला. घरे झाली ती इतकीशी, की कुत्र्याने आत जाऊन एक वळसा घेतला की भरली. जमिनीपासून वीतभर उचललेली, दार वाऱ्याच्या पाठीकडे, छत सपाट, म्हणजे ऊन पडले की वर बसता येईल. आत कोरडा पेंढा घातला. दक्षिणेचे व्यापारी काचेची झुंबरे पेंढ्यात गुंडाळून आणीत. राजाने पेंढा ठेवून घेतला आणि झुंबरे परत दिली. आखूड साखळ्या वितळवून टाकल्या.

मंदारिकेच्या कमरेत जीव आला, गुडघे वाकले. पावले मात्र बर्फाचीच राहिली. आणि दिवस कलताना थंडी पुन्हा चढू लागली. या खेपेस ती भराभर चढत होती.

राजा धावत खिडकीशी गेला. "आता कोण कुडकुडते?"

"ज्याला तू मानाने निरोप दिलास तो," डोमकावळा म्हणाला.

राजाने मान खाली घातली. त्या राज्यात रीत होती. कुत्रे म्हातारे झाले, ओढीनासे झाले, की त्याच्या अंगावर मखमली झूल घालीत, चौघडा वाजवीत, राजा स्वतः त्याच्या कपाळी टिळा लावी, आणि मग वेशीचा दरवाजा उघडून त्याला बाहेर सोडीत. दरवाजा लावून घेत. बाहेर काय होते, हे कुणी पाहायला जात नसे. आजवर सोडलेली बाकीची सारी शापाआधीच मरून सुटली होती. नुकताच सोडलेला भुरक्या, काजळीच्या आधीचा म्होरक्या, एकटा जिवंत उरला होता.

तो वेशीपासून बऱ्याच अंतरावर, एका खडकाच्या आडोशाला सापडला. अंगावरची झूल गोठून पत्र्यासारखी झाली होती. राजाने ती सुरीने कापून काढली, त्याला छातीशी धरून चोळले आणि गाडीत ठेवले. भुरक्याने गाडीतून खाली उडी टाकली, पडला, उठला आणि लंगडत जाऊन काजळीच्या पुढे, म्होरक्याच्या जागी उभा राहिला. पुन्हा ठेवला, पुन्हा उतरला. जन्मात तो गाडीत बसला नव्हता.

वाड्यातून धावत आलेला प्रधान म्हणाला, "महाराज, थंडी राजकन्येच्या छातीपर्यंत आली. याला बांधून घाला आणि गाडी पिटाळा."

"बांधला, तर त्याचे हाल तिला सोसावे लागतील," राजा म्हणाला. त्याने भुरक्याच्या अंगात सैल पट्टा चढवला, भार एवढासाही पडणार नाही असा. "हा चालेल तसे चालू."

आणि ते चालले. भुरक्या दहा पावले टाकी आणि थांबे. मागे सगळी कुत्री थांबत. राजा त्याचे पंजे हातांत घेऊन फुंकर घाली. पोर तिकडे मरायला टेकली होती आणि बाप इकडे म्हाताऱ्या कुत्र्याच्या चालीने चालत होता. धावावे असे राजाला पावलोपावली वाटले. तो धावला नाही. हळूहळू भुरक्याच्या अंगात चालण्याची ऊब आली, कान उभे राहिले. वेशीजवळ त्याने शेपूट वर केले.

वेशीच्या दारात मंदारिका उभी होती. स्वतःच्या पायांवर, चेहरा फिकट, पायांत जोडे नाहीत. ती भुरक्याजवळ बसली आणि त्याच्या मानेत तिने हात घातले. मग वर पाहून विचारले, "बाबा, याचे घर कुठे?"

राजाने घरे केली होती ती ओढणाऱ्यांची. याचे घर नव्हते आणि हाताशी लाकूडही उरले नव्हते. राजाने वेशीच्या जाड लाकडी दरवाजावर हात ठेवला आणि सुतारांना म्हणाला, "हा उतरवा."

त्या दरवाजात बारा घरे निघाली. पहिले भुरक्याचे, बाकीची पुढे म्हातारी होणाऱ्यांची. डोमकावळा उडून उत्तरेला गेला. राजा घोंगडीवर बसून राज्य करू लागला आणि पूर्वीपेक्षा बरे करू लागला. त्या राज्याला आजही वेस आहे, पण तिला दरवाजा नाही. तिथल्या म्हाताऱ्यांना मिळाली तशी कोरडी जागा तुम्हाआम्हाला मिळो, एवढे म्हणून ही कथा इथे थांबते.